सोडलेल्या माशावर पोसलेलं बेट

बहामाच्या एक सेंटच्या नाण्यावर तारामासा होता; पाच सेंटवर अननस आहे, पंचवीस सेंटवर शिडाची होडी. दहा सेंटच्या नाण्यावर दोन मासे आहेत. लांबट, निमुळते, तोंड किंचित खाली वळलेलं. हा बोनफिश. बाजारात जाऊन तो मागितलात तर कुणी देणार नाही, कारण बहामात त्याच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे. जाळं टाकून तो धरायलाही मनाई. चवीचं म्हणाल तर काटे इतके की शहरी माणूस ताट बाजूला सारेल. तरीही या माशाच्या जिवावर देशात वर्षाला किती पैसा येतो, याचा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १४ कोटी १० लाख डॉलर असा काढला होता. हे पैसे मोजणारे पाहुणे मासा धरतात, क्षणभर हातात घेतात आणि परत पाण्यात सोडतात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पाण्यावर जगणारी माणसं’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा रापण, एलईडी दिव्यांची मासेमारी, ससून डॉक अशी नेहमीची यादी डोक्यात आली. त्या विषयांवर आपल्याकडे पुष्कळ आणि चांगलं लिहून झालं आहे. मासा न विकता मासेमारीवर गावं चालतात ती कशी, हे मात्र मला कुठे नीट वाचायला मिळालं नव्हतं. संपादकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “जाऊन या, पण श्रीमंतांच्या चोचल्यांचं प्रवासवर्णन नको.” ही अट मला पटली. मी अँड्रॉसला गेले.

जमीन किती, पाणी किती

बहामा म्हणजे सुमारे सातशे लहानमोठी बेटं. त्यांतल्या जेमतेम तीसेक बेटांवर माणसं राहतात. राजधानी नासाऊहून छोट्या विमानाने अँड्रॉसला पोचायला पाव तास लागतो. नकाशात अँड्रॉस हे देशातलं सगळ्यात मोठं बेट, बाकी सर्व बेटांच्या बेरजेहून मोठं. विमानातून मात्र ते बेट वाटतच नाही. ‘बाइट’ म्हणतात त्या तीन रुंद खाड्यांनी ते आरपार कापलेलं आहे. उरलेल्या भागात ओढे, तळी, तिवरांची बेटं आणि गोल निळे डोह. जमीन कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं हे भरती-ओहोटीवर ठरतं.

पूर्वेच्या किनाऱ्याला समांतर प्रवाळाची लांबलचक भिंत आहे. तिच्या पलीकडे समुद्राचा तळ एकदम सहा हजार फुटांच्या आसपास खाली जातो. त्या खोल घळीत अमेरिकी नौदल पाणबुड्यांच्या आणि सोनारच्या चाचण्या घेतं. त्यांचा तळ फ्रेश क्रीकजवळ आहे. पश्चिमेला नेमकं उलट. मैलोन् मैल पांढुरका, चुन्यासारखा मऊ गाळ आणि त्यावर घोट्यापासून कमरेपर्यंत पाणी. त्या बाजूला वस्ती नाही म्हटलं तरी चालेल. २००२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१२ मध्ये त्याची हद्द बरीच वाढवली. अशा उथळ पाण्याच्या सपाटीला सगळे ‘फ्लॅट’ म्हणतात. बोनफिश चरायला येतो तो इथे.

या उथळ पाण्यातून एकेकाळी अँड्रॉसचे लोक स्पंज काढत. नासाऊच्या बाजारातून तो युरोप-अमेरिकेत जाई. १९३८च्या सुमारास स्पंजांवर रोग पडला आणि थोड्याच महिन्यांत धंदा बुडाला. नंतरच्या पिढ्या शंख, लॉब्स्टर आणि जमिनीवरचे खेकडे यांवर जगल्या, नाहीतर नासाऊ-मायामीला गेल्या. बोनफिशची गाइडगिरी त्या खड्ड्यातून वर आली. स्पंजासाठी ज्यांचे आजे पाण्याचा तळ वाचत, त्यांची नातवंडं तोच तळ आता पाहुण्यांना वाचून दाखवतात.

“अकरा वाजता, साठ फूट”

मी स्वतः गळ टाकला नाही. लॉजवर उतरलेल्या अमेरिकेतल्या एका निवृत्त दंतवैद्याने त्याच्या होडीत मला बसू दिलं. अट एकच: बडबड करायची नाही आणि होडीत उभं राहायचं नाही.

होडी म्हणजे सोळा फुटी फायबरची स्किफ. तळ इतका सपाट की वीतभर पाण्यातही तरंगते. फ्लॅट जवळ आला की गाइड इंजिन बंद करून ते वर उचलतो. मग मागच्या टोकाला इंजिनावर बसवलेल्या छोट्या माचावर चढतो आणि वीसेक फुटांची काठी तळाला टेकवत होडी ढकलू लागतो. पाहुणा पुढच्या टोकाला अनवाणी उभा. पायाखाली दोर आला तर तळव्याला कळावं म्हणून अनवाणी. मधल्या बर्फाच्या पेटीवर मी. वाऱ्याचा आवाज सोडला तर काठी तळाला लागताना होणारी किंचित कुरकुर, एवढाच काय तो आवाज. तीही जपून. खडकावर काठी आपटली तर शंभर फुटांवरचा मासा पळतो.

फ्लायफिशिंग पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा शिशाचं वजन दोरीला लांब ओढून नेतं. इथे गळाला वजनच नाही म्हणायला हरकत नाही. बोटाच्या पेराएवढ्या आकड्यावर पिसं, केस, चमचमता दोरा गुंडाळून कोळंबी किंवा छोट्या खेकड्याचा भास निर्माण केलेला असतो, ती ‘फ्लाय’. वजन असतं ते जाड, प्लास्टिकचा लेप दिलेल्या दोरात. नऊ फुटी लवचीक काठीने तो दोर हवेत मागे-पुढे झुलवायचा, प्रत्येक झोक्याला थोडा थोडा सोडायचा आणि शेवटी असा टाकायचा की दोर सरळ पसरून फ्लाय त्याच्या टोकाला अलगद उतरेल. माशाच्या डोक्यावर पडली तर मासा गेला. फार मागे पडली तर त्याला दिसत नाही. आणि हे सगळं अँड्रॉसच्या वाऱ्यात, जो दुपारनंतर भल्या भल्या खेळाडूंना रडवतो.

पण टाकणं हा उत्तरार्ध. आधी मासा दिसला पाहिजे. बोनफिशच्या अंगावरचे खवले आरशाचं काम करतात. वाळूवर तो वाळूच्या रंगाचा, गवतावर गवताच्या रंगाचा. ध्रुवीकृत काचांचे तांबूस चष्मे घालूनही मला तासभर नुसतं पाणी दिसत होतं. गाइड म्हणाला, “मासा शोधू नका मॅम. सावली शोधा. सावलीला लपता येत नाही.”

हा गाइड साठीकडे झुकलेला. बाप लॉब्स्टरवाला, स्वतः गेली अनेक वर्षं ही काठी ढकलतोय. धक्क्यावर तो पाहुण्याशी अदबीने बोलत होता: सर, कॉफी घेतलीत का, सर, टोपी घट्ट बसवा. माचावर चढल्यावर सगळा नूर पालटला.

“डॉक. अकरा वाजता. साठ फूट. तीन आहेत. दिसले?”

होडीचं टोक म्हणजे बारा. त्याच्या डावीकडे थोडं अकरा. डॉकने, म्हणजे दंतवैद्याने, मान वळवली. “नाही.”

“काठी तिकडे कर. अजून डावीकडे. अजून. बस. आता पन्नास. टाक!”

दोर हवेत गेला, एकदा झुलला, दुसऱ्यांदा झुलला आणि वाऱ्याने जरा उजवीकडे पडला.

“राहू दे. हलवू नकोस. येतोय... येतोय... आता ओढ. लहान. लहान. लांब ओढ. थांब!”

तेव्हा कुठे मला ते दिसलं. राखाडी रेघ, तिची पुढची बाजू एकदम खाली झुकली आणि क्षणभर शेपटीचं टोक पाण्याबाहेर चमकलं. बोनफिश तळातलं भक्ष्य तोंड खाली करून शोषून घेतो. डॉकने जोराने काठी वर उचलली. फ्लाय माशाच्या तोंडातून सुटून हवेत आली आणि तिन्ही रेघा तीन दिशांना गायब.

गाइडने काठीवर कपाळ टेकवलं. ट्राउट मासा पकडून तयार झालेल्या माणसांची ही हमखास खोड. गोड्या पाण्यात काठी उचलून आकडा रुतवतात. इथे काठी पाण्याकडे रोखलेलीच ठेवायची आणि डाव्या हाताने दोर सरळ खेचायचा. गाइड हे त्या दिवशी डॉकला किती वेळा बजावत होता! माहीत असणं वेगळं आणि मासा समोर असताना हात ताब्यात असणं वेगळं.

पुढचा मासा लागला तो तासाभराने, तिवरांच्या कडेला. तो लागल्यावर काय होतं हे लिहून सांगायचा मोह आवरते, एवढंच सांगते की तीन-चार पौंडांचा मासा एका दमात शंभर यार्ड दोर घेऊन गेला आणि रिळाच्या आवाजात दंतवैद्याने काढलेला आवाज मिसळला. उथळ पाण्यात खाली जायला जागा नसते. म्हणून संकटात सापडलेला बोनफिश आडवा पळतो, खोल पाण्याच्या दिशेने. जगभरातले लोक हजारो डॉलर खर्चून येतात ते त्या पहिल्या धावेसाठी.

भांगाचं पाणी, उधाणाचं पाणी

रात्री जेवणाच्या टेबलावर पाहुणे माशांच्या गोष्टी सांगत बसतात. गाइड लोक बाहेर होड्या धुता धुता उद्याच्या पाण्याबद्दल बोलतात. मला दुसरी बैठक जास्त आवडली. कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठचा माणूस त्यात सहज मिसळला असता.

भरती सुरू झाली की बोनफिश खोल वाटांनी वर येतो आणि पाण्याच्या पुढच्या कडेबरोबर सपाटीवर पसरतो. तास-दोन तासांपूर्वी कोरड्या असलेल्या वाळूतल्या बिळांत खेकडे, कोळंबी, शिंपल्या असतात. त्यांवर त्याचं पोट. उधाणाच्या दिवसांत पाणी थेट तिवरांच्या मुळांत घुसतं आणि मासाही आत जातो, जिथे दोर टाकायला जागाच नाही. भांगाला पाणी कमी चढतं, मासा बाहेर मोकळ्यावर राहतो. म्हणून पाहुणे बुकिंग करताना पौर्णिमा-अमावास्या बघतात. जुना गाइड मात्र तिथी बघून थांबत नाही. पूर्वेच्या बाजूची भरती आणि बाइटच्या आतली भरती यांत बराच फरक पडतो. सकाळी एका ओढ्याच्या तोंडाशी चढतं पाणी धरायचं, ते संपलं की इंजिन लावून दूरच्या फ्लॅटवर पुन्हा चढतंच पाणी गाठायचं, असं दिवसभर पाण्याच्या पुढे धावता येतं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. प्रत्येक गाइड ते स्वतःपाशी राखतो, आणि शेजारच्या होडीने माग काढू नये म्हणून मुद्दाम वेड्यावाकड्या वाटेने जातो.

थंडीत उत्तरेकडून वारं सुटलं की उथळ पाणी झपाट्याने गार होतं आणि मासा खोलात निघून जातो. भर उन्हाळ्यात पाणी फार तापलं तरी तेच. म्हणून ऑक्टोबरअखेरीपासून जूनपर्यंतचा मोसम. त्यातही मार्च ते मे सगळ्यांना हवा असतो.

हिवाळ्यातल्या पौर्णिमा-अमावास्यांना मोठे मासे फ्लॅटवरून नाहीसे होतात, हे गाइड लोकांना केव्हापासून ठाऊक होतं. ते जातात कुठे, याचा उलगडा संशोधकांनी गेल्या काही वर्षांत केला. साधारण ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये मासे हजारोंच्या संख्येने खोल पाण्याच्या काठाशी जमतात. संध्याकाळी वर येऊन हवा गिळतात. अंधार पडल्यावर सगळा थवा कड्यावरून बाहेर पडतो आणि चारशे फुटांहून खोल सूर मारतो. तिथून वर येताना अंडी आणि शुक्र पाण्यात सोडले जातात. गुडघाभर पाण्यातला म्हणून ओळखला जाणारा मासा वंश वाढवायला अथांग समुद्रात जातो. त्याची पिल्लं पारदर्शक फितीसारखी, दीड ते अडीच महिने प्रवाहाबरोबर वाहतात आणि मग कुठल्या तरी किनाऱ्याला लागतात.

यातून एक अडचणीची गोष्ट निघाली. नुसता फ्लॅट राखून भागत नाही. ज्या काठावर मासे जमतात तिथे धक्का किंवा मरिना झाली, किंवा एखाद्या रात्री कुणी जाळं टाकलं, तर आसपासच्या कित्येक मैलांतल्या गाइडांच्या पोटावर पाय येऊ शकतो. ठिकाणं जाहीर केली तर चोर जातात. न केली तर राखायची कशी? गाइड आणि संशोधक या प्रश्नावर अजून घोळ घालत आहेत.

सोडायचा कसा

तिवरांच्या कडेला लागलेला तो मासा होडीजवळ आल्यावर डॉकने त्याला उचलून फोटो काढायची तयारी केली. गाइडने माचावरून उडी मारली, गुडघाभर पाण्यात उभा राहिला, हात ओले केले आणि मासा पाण्याखालीच धरला. आकड्याचा काटा आधीच पकडीने चेपून सपाट केलेला असल्याने तो नुसत्या बोटाने निघाला. “फोटो?” डॉकने विचारलं. “मी तीन म्हणेन तेव्हा,” गाइड म्हणाला. तीनला मासा वर, फोटो, मासा खाली. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हलका आधार देऊन धरून ठेवला. मासा सरळ राहू लागल्यावरच हात काढला, आणि त्यानंतरही मिनिटभर तो त्या दिशेला बघत राहिला.

हा सोपस्कार वाटतो, पण त्यामागे प्रयोग आहेत. एल्युथेरा बेटावर संशोधकांनी सोडलेल्या बोनफिशांचा माग काढला. सोडताना ज्या माशांचा तोल गेलेला होता, त्यांना शार्क किंवा बॅराकुडाने खाण्याची शक्यता इतरांपेक्षा सहापटीहून जास्त निघाली. तोल जातो तो दमल्याने आणि हवेत धरल्याने. म्हणजे मासा सोडला एवढ्याने तो वाचत नाही. कसा सोडला यावर ते ठरतं. आसपास लेमन शार्क फिरताना दिसले तर चांगला गाइड त्या फ्लॅटवर मासेमारीच थांबवतो. मासा लागलेला असताना शार्क मागे लागला, तर दोर तोडून मासा मोकळा करतो. पाहुणा चिडला तरी.

खेळासाठी मुक्या जिवाला आकडा टोचायचा आणि सोडल्याचं पुण्य मिरवायचं, हे कितपत बरोबर? आक्षेप खरा आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर केवळ सोडून देण्यासाठी मासा धरायला कायद्यानेच मनाई आहे. खाणार असाल तर धरा. मी मासे खाते, तेव्हा या बाबतीत फार सोवळं नेसायचा मला हक्क नाही. पण लॉजच्या स्वयंपाकघरातल्या बाईंचं म्हणणं मला पाहुण्यांच्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त भावलं. त्यांच्या आईच्या वेळी गावातले पुरुष ओढजाळ्याने बोनफिश काढत, अगदी आपल्या रापणीसारखे दोन्ही टोकांनी ओढून. माशाला आडव्या चिरा द्यायच्या, मीठ, झणझणीत मिरची आणि लिंबू चोळायचं आणि भाजायचा. “रविवारी चर्चच्या आधी तोच नाश्ता,” त्या म्हणाल्या. “आता माझा मुलगा तो सोडतो आणि त्या पैशांनी मी कोंबडी आणते.” हे त्यांनी हसत सांगितलं, पण कोंबडी मायामीहून गोठवून येते हेही सांगितलं.

कायद्याने अजूनही एक बोनफिश खाण्यासाठी ठेवता येतो. ठेवणारे आहेत. त्यांना नाक मुरडणारे परदेशी पाहुणे मला फारसे आवडले नाहीत.

चार्ली आणि किंग

जगात कुठेही बोनफिशवाल्याची फ्लायची डबी उघडा, त्यात ‘क्रेझी चार्ली’ सापडतेच. हा चार्ली म्हणजे अँड्रॉसचा गाइड चार्ली स्मिथ. १९७७ मध्ये बॉब नॉहाइम नावाचा अमेरिकी पाहुणा त्याच्याबरोबर मासेमारी करत होता, त्यातून ही फ्लाय जन्मली. नॉहाइमने तिला ‘नॅस्टी चार्ली’ म्हटलं होतं. ऑर्व्हिस या मोठ्या कंपनीने ती बाजारात आणताना नाव बदललं. दुसरी तितकीच गाजलेली फ्लाय ‘गोचा’. तीही अँड्रॉसचीच. जिम मॅक्वे या पाहुण्याने विमानतळावरून लॉजकडे जाताना टॅक्सीच्या गालिच्यातले पिवळट धागे उपटून ती बांधली, अशी कथा आहे. मी ज्या टॅक्सीने आले तिच्यात गालिचा उरलेला नव्हता.

दुसरी गोष्ट बिमिनी बेटाची. हेमिंग्वेमुळे बिमिनी मार्लिनसाठी प्रसिद्ध झालं. पण १९६४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथे आले ते शांतता शोधत. बोनफिशचा गाइड आणि होडी बांधणारा कारागीर अँसिल साँडर्स यांनी त्यांना आपल्या होडीतून तिवरांत नेलं, आणि नोबेल स्वीकारतानाच्या भाषणाची तयारी किंगनी त्या निवांत पाण्यावर केली. १९६८ मध्ये, हत्येच्या थोडं आधी, ते पुन्हा आले होते. त्या ओढ्यात आता किंग यांचा अर्धपुतळा आहे. ज्या देशात कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही १९६७ पर्यंत सत्ता गोऱ्यांच्या हाती होती, तिथल्या एका कृष्णवर्णीय गाइडच्या होडीत हे घडलं, हे ध्यानात घेतलं म्हणजे ‘गाइड’ या पेशाकडे बघण्याची नजर थोडी बदलते.

माचावरचा आणि कार्यालयातला

आता पैशाकडे येते. होडीसह गाइडचा एका दिवसाचा दर साधारण पाचशे ते सातशे डॉलर. त्यात दोन पाहुणे येतात. लॉजमार्फत आठवडा काढायचा तर माणशी चार-पाच हजार डॉलरच्या पुढेच. बहामाचा डॉलर आणि अमेरिकेचा डॉलर बरोबरीचे, त्यामुळे दोन्ही एकाच गल्ल्यात जातात. ऐकायला गाइडची चांदी वाटते. पण इंजिन, पेट्रोल, होडीची डागडुजी, वादळी दिवसांचं नुकसान आणि उन्हाळ्यातले रिकामे महिने वजा केल्यावर चित्र बरंच बदलतं. स्वतःची होडी असलेला गाइड आणि लॉजच्या होडीवर रोजाने काम करणारा गाइड, यांच्या हातात पडणाऱ्या रकमेतही मोठी तफावत. दुसऱ्याला मुख्यतः टिपेचा आधार.

२०१५ मध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आला. चार्ली स्मिथ यांचे पुत्र प्रेस्कॉट स्मिथ तेव्हा गाइडांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. परदेशी लोक स्वतःच्या होड्या आणून किंवा नुसतेच पाण्यात उतरून मासे धरतात, स्थानिकाला त्यातून एक पैसा मिळत नाही, काही लॉज बहामाबाहेरून चालतात, अशी त्यांची तक्रार होती. नियमांचा जो पहिला मसुदा आला त्याने पाहुणे बिथरले; आम्ही मेक्सिको किंवा बेलीजला जाऊ, अशा धमक्या सुरू झाल्या. गंमत म्हणजे सगळे गाइडही एका बाजूला नव्हते. अबाको बेटावरच्या गाइडांना स्वतंत्रपणे फिरणारे पाहुणे हवे होते, कारण तेच घरं भाड्याने घेतात, हॉटेलांत जेवतात आणि मधल्या एखाद्या दिवशी गाइडही करतात.

२०१७च्या सुरुवातीला लागू झालेले नियम तडजोडीचे होते. परदेशी पाहुण्याला परवाना सक्तीचा: दिवसाचा १५ डॉलर, आठवड्याचा २०, महिन्याचा ३०, वर्षाचा ६०. फ्लॅटवर व्यापारी मासेमारीला बंदी. स्वतंत्रपणे मासे धरणं चालू राहिलं.

मला विचाराल तर त्या वादात स्मिथ यांचा सूर कडवट होता, पण मुद्दा खोटा नव्हता. लॉजच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर फोटो असतात: पाहुणा आणि मासा, पाहुणा आणि मासा. मासा दाखवणारा माणूस फ्रेमच्या कडेला, अर्धा कापलेला. मी माझ्या गाइडला विचारलं, मुलगा हे काम करील का? तो म्हणाला, “त्याचे डोळे माझ्याहून चांगले आहेत. पण त्याला नासाऊला वातानुकूलित खोलीत बसायचंय. आणि मॅम, मी त्याला अडवत नाही.” हा पेशा शिकायला वर्षं लागतात आणि शाळा एकच, होडीचा माच. तिथली भरती थांबली तर लॉज कितीही पॉश असो, पाहुण्यांनी बघायचं काय?

तिवरं

१ सप्टेंबर २०१९ रोजी डोरियन हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ अबाकोवर आदळलं आणि पुढे ग्रँड बहामावर दिवसभराहून जास्त काळ ठाण मांडून बसलं. माणसं, घरं गेली त्याबरोबर तिवरांची जंगलंही गेली. वाऱ्याने पानं झडली, समुद्राच्या लोंढ्याने मुळं उपटली आणि गाळ वर येऊन बसला. बोनफिशचं अन्न आणि शार्कपासूनचा आडोसा दोन्ही तिवरांत. बोनफिश अँड टार्पन ट्रस्ट आणि बहामा नॅशनल ट्रस्ट या संस्थांनी एक लाख रोपं लावायचा प्रकल्प हाती घेतला. रोपं खोचायला शाळेतली मुलं आली, आणि धंदा बसलेले गाइडही. त्यांना कुठे रोप धरेल हे सांगायची गरज नव्हती.

अँड्रॉस त्या वादळातून वाचलं. तिथले गाइड हे सांगताना लाकडाला हात लावतात. महाराष्ट्रात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, म्हणजे तिवरं राखायची असतात हे आपल्याला सरकारदरबारी तरी मान्य आहे. फरक इतकाच की अँड्रॉसमध्ये तिवरं तोडायला कुणी आला तर पहिला फोन गाइड करतो, कारण नुकसान कुणाचं हे त्याला त्याच दिवशी कळतं.

जाणाऱ्यांसाठी

पवईच्या तलावावर गळ टाकणारे हौशी मुंबईकर आहेत, मासा मोजून सोडणारेही आहेत, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना तर मायामीहून बहामा हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा कुणी जाणार असेल तर एवढं करा. परवाना काढा, तो रात्रीच्या जेवणाहून स्वस्त पडतो. आकड्याचा काटा घरूनच चेपून न्या. निघण्यापूर्वी अंगणात, वाऱ्यात, चाळीस फुटांवर ठेवलेल्या ताटलीत फ्लाय टाकायचा सराव करा; पहिल्याच दिवशी गाइडला धडे द्यायला लावू नका. आणि बुकिंग करताना जेवणात काय, वायफाय आहे का, हे विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारा: लॉज कुणाच्या मालकीचा आहे, आणि होडी गाइडची स्वतःची आहे की नाही. उत्तर टाळलं गेलं, तर दुसरा लॉज शोधा. अँड्रॉसमध्ये सरळ उत्तर देणारे लॉज आहेत, आणि त्यांतले काही गाइडांनीच उभे केलेले आहेत.